न बांधलेल्या चाळींचा हिशोब

आमचं दुकान नाशिकच्या पंचवटीत, दिंडोरी नाक्याच्या अलीकडे. पत्रे, अँगल, चॅनेल, जाळी, तार, ताडपत्री असा सगळा माल. पाटीवर हार्डवेअर लिहिलंय, पण निफाड-चांदवडकडचं गिऱ्हाईक आम्हाला 'चाळीच्या सामानाचं दुकान' म्हणूनच ओळखतं. तेच खरं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल आमचा धंदा कांदा चाळीवर चालतो, उरलेलं वर्ष आम्ही गोठे, शेड आणि घरांच्या पत्र्यांवर काढतो.

वर्तमानपत्रातलं अर्थकारणाचं पान मी रोज वाचतो. निर्यातशुल्क, महागाईचा दर, साठामर्यादा, सगळं वाचतो. पण सरकारच्या एखाद्या निर्णयाने नेमकं काय झालं हे मला त्या पानावरून कधी कळलं नाही. ते कळतं गोडाऊनात उरलेल्या जाळीच्या भेंडोळ्यांवरून, आणि तेही चार महिन्यांनी. तोवर पान बदललेलं असतं आणि निर्णय घेणारे दुसऱ्या विषयाकडे वळलेले असतात.

ज्यांनी कांदा चाळ जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लांबट, अरुंद शेड. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, खालून हवा खेळावी म्हणून. बाजू बांबूच्या, लाकडी पट्ट्यांच्या नाहीतर जाळीच्या. वर शहाणा माणूस सिमेंटचा पत्रा टाकतो, लोखंडी पत्रा उन्हात तापून आतला कांदा उकडतो. मधे चालायला वाट आणि दोन्ही अंगांना कांद्याचे कप्पे, प्रत्येक साधारण चार फूट रुंद. थर पाच फुटांच्या वर न्यायचा नाही. हाव धरून नेला तर तळचा कांदा दबतो, घाम धरतो, आणि एकदा सडायला लागला की वास शेजारच्या वस्तीपर्यंत जातो. मार्च ते मे या काळात निघालेला उन्हाळ कांदा अशा चाळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत निघतो. निघतो म्हणजे शंभर किलो ठेवले तर साठ-सत्तर हाती लागतात. काही वजन सुकून जातं, काही सडतं, पावसाळा सरता सरता काही मालाला कोंब येतात. ही घट धरूनच शेतकरी ठेवतो. पुढे भाव बरा मिळाला तर घट भरून निघते, नाही मिळाला तर ठेवणारा मूर्ख ठरतो.

देशात वर्षभरात जेवढा कांदा पिकतो त्यातला साधारण दोन तृतीयांश हा रब्बीचाच, म्हणजे उन्हाळ. जूनपासून नवा लाल कांदा बाजारात येईपर्यंत दिल्लीच्या भाजीत आणि चेन्नईच्या सांबारात पडतो तो याच कांद्यातला, म्हणजे कुणीतरी कुठेतरी चाळीत साठवलेला. नाफेड या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या संस्थेचा राखीव साठा असतो, २०२३ मध्ये तो तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेण्याचं ठरलं होतं, पण देशाला महिन्याला लागतो त्यापेक्षा तो कमीच. बाकीची सगळी भिस्त या बांबूच्या आणि जाळीच्या शेडवर. शेतकऱ्यांनी आपल्या पैशाने, आपल्या जोखमीवर उभी केलेली ही देशाची गोदामं आहेत. कुठल्याही अर्थसंकल्पात त्यांना या नावाने कुणी ओळखत नाही.

आता २०२३ साल घेऊ. १९ ऑगस्टला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. बंदराच्या वाटेवर असलेल्या कंटेनरांचं काय करायचं ते कुणालाच सुधरेना. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवायचा नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जिल्ह्यात गारपीट झाली, द्राक्षं गेली, शेतातला लाल कांदा झोडपला गेला. ३ डिसेंबरला मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगडचे निकाल लागले आणि ७ डिसेंबरला निर्यातबंदी जाहीर झाली, ३१ मार्चपर्यंत. लासलगावला लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. महिना संपायच्या आत दर निम्म्याच्या आसपास आला. मार्चमध्ये, बंदी उठायला आठवडा राहिलेला असताना, ती पुढे वाढवली गेली.

एवढं सगळं दिसणारं. याचे फोटो आले, चर्चा झाल्या, दिल्लीत कांदा स्वस्त झाला हेही खरं. न दिसणारं माझ्या काउंटरवर घडत होतं.

चांदवडकडचे एक आप्पा दिवाळीच्या सुमारास आले होते. सोबत मुलगा, त्याच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आखलेली पन्नास टनी चाळ. जुनी पंचवीस टनी होती, अनुदानातली. अनुदान टनाला ३५०० रुपये आणि पंचवीस टनांना साडेसत्त्याऐंशी हजार असं बरीच वर्षं होतं, म्हणून आपल्याकडे बहुतेक चाळी पंचवीस टनीच उभ्या राहिल्या. माप कांद्याने ठरवलेलं नाही, शासन निर्णयाने ठरवलंय. आप्पांना मात्र या वेळी स्वतःच्या हिमतीवर मोठी बांधायची होती. मुलाने अँगलचं वजनसुद्धा काढून आणलं होतं. चहा झाला, भाव ठरला, "मकर संक्रांतीनंतर माल उचलतो" म्हणाले.

फेब्रुवारीत आले ते पिकअप न आणता, मोटारसायकलवर. जाळीचं एक भेंडोळं आणि डागडुजीपुरते पत्रे सांगितले.

"आप्पा, मोठ्या चाळीचं काय झालं?"

"ठेवून काय करू शेठ? भाव वाढायची वाट बघत ठेवायचा, आन् वाढला की ते बंदी घालू राहिले. मंग वाट कशाची बघायची? यंदा शेतातूनच देऊन टाकतो."

मुलगा काही बोलला नाही. वही त्याने आणली नव्हती.

आप्पांचा हिशोब एकट्याचा नव्हता. त्या हंगामात माझ्याकडे जाळी उरली, माझ्या ओझरच्या व्याह्यांकडे उरली, पिंपळगावच्या ज्या फॅब्रिकेटरला मार्चमध्ये जेवायला फुरसत नसते तो दुपारी फोन करून गप्पा मारायला लागला. एक माणूस ठेवायचं टाळतो तेव्हा काही बिघडत नाही. पण हजारो लोक 'ठेवण्यात अर्थ नाही' असं एकाच वेळी ठरवतात तेव्हा एप्रिल-मेमध्ये बाजार समितीत ट्रॅक्टरांची रांग वाढते, भाव बसतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी राहायला हवा तो माल मेमध्येच निघून जातो. २०२४ च्या नोव्हेंबरात लासलगावला क्विंटलचा दर पाच हजारांच्या वर गेला. त्याला पावसाची कारणं होती, रब्बीची लागवड कमी झाल्याचंही कारण होतं. पण लागवड का कमी झाली? त्याआधीच्या वर्षी ज्याचे हात पोळले त्याने उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, कमी टाकलं, म्हणून. माझ्या गोडाऊनातल्या भेंडोळ्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढायचा म्हणजे अतीच, हे मला मान्य आहे. तरी मला असं दिसतं की एका वर्षीच्या टंचाईवर जो उतारा दिला जातो त्यातच पुढच्या टंचाईचं बी असतं, आणि ते रुजेपर्यंत मधे एवढे महिने जातात की दोन्हीचा संबंध कुणी लावत नाही.

हे महिने फार महत्त्वाचे आहेत. रब्बी कांद्याचं उळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, डिसेंबर-जानेवारीत लागण, मार्चनंतर काढणी. म्हणजे बी घेताना शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर जो भाव असतो त्याचा आणि पाच-सहा महिन्यांनी त्याला मिळणाऱ्या भावाचा काही संबंध नाही. शेतकरी बिचारा आज जे दिसतं त्यावर उद्याचा जुगार खेळतो. सरकारही तेच करतं, फरक एवढाच की त्याला डाव मधेच मोडता येतो.

मोडायची घाई का असते तेही समजून घ्यायला हवं. किरकोळ महागाई मोजायच्या २०१२ च्या मालिकेत कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं, म्हणजे टक्कासुद्धा नाही. पण कांदा पाव टक्का हलत नाही, हलला की दुप्पट-तिप्पट होतो आणि सगळा आकडा घेऊन वर जातो. शिवाय १९८० ची लोकसभा आणि १९९८ ची दिल्ली-राजस्थान, या दोन निवडणुकांत कांद्याने सरकारं घालवली ही आठवण राजकारणात पक्की बसलीय. त्या निकालांत कांद्याचा वाटा खरोखर किती होता कोण जाणे, पण भीती मात्र खरी आहे. उलट बाजूची शिक्षा उशिरा मिळते आणि थोड्याच ठिकाणी मिळते. ४ मे २०२४ ला बंदी उठली, त्याच्या जागी ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क आलं. २० मेला आमच्याकडे मतदान झालं आणि जूनमध्ये दिंडोरी, नाशिक दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. मग १३ सप्टेंबरला किमान मूल्य हटलं, शुल्क निम्म्यावर आलं. समोर विधानसभा होती. २०२५ च्या १ एप्रिलला उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं.

म्हणजे आता दार उघडं झालं, असं पेपरात आलं. माझं एक जुनं गिऱ्हाईक लासलगावला आहे, निर्यातीचा व्यवसाय करतं. खळ्यासाठी, म्हणजे घेतलेला कांदा उतरवून निवडायच्या जागेसाठी, शेडचा माल माझ्याकडूनच नेतात. त्यांना म्हटलं, आता तर सुटलात. ते म्हणाले, "मलेशियाचा माझा माणूस फोन उचलतो, चौकशी करतो, मुलीचं लग्न ठरलं का विचारतो. ऑर्डर पाकिस्तानला देतो."

बांगलादेशाचं तर आणखी सरळ. आपल्या कांद्याचा हा फार मोठा गिऱ्हाईक. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण अचानक निर्यात बंद केली. पुढच्याच आठवड्यात शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्यांनी हसत हसत सांगितलं की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, आम्ही आमच्या स्वयंपाक्याला कांदा न घालता शिजवायला सांगितलंय. सभागृहात हशा झाला, इथेही तो व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवला. वर्षभराच्या आत, १४ सप्टेंबर २०२० ला, आपण पुन्हा तेच केलं. घोजाडांग्याच्या सीमेवर ट्रक उभे राहिले आणि त्यात कांदा सडला. मग त्यांनी स्वतःकडे कांदा वाढवायचं मनावर घेतलं, इतर देशांकडूनही मागवायला लागले. २०२५ मध्ये आपण सगळं शुल्क काढलं तेव्हा त्यांनी त्यांच्या शेतकऱ्यांच्या हंगामात आयातीचे परवानेच रोखून धरले. त्यांचंही बरोबरच होतं. स्वतःच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून कुणी दार लावलं तर आपण कुठल्या तोंडाने बोलणार?

१४ सप्टेंबर २०२० ची आणखी एक गंमत आहे, हसावं की रडावं अशी. जूनमध्ये अध्यादेश काढून कांदा-बटाटा जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कचाट्यातून बाहेर काढला होता. त्याचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं १५ सप्टेंबरला, म्हणजे बंदीच्या दुसऱ्या दिवशी. ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्यांना २५ टनांची साठामर्यादाही लागली. नंतर त्यासकट तिन्ही कृषी कायदे मागे घेतले गेले, त्यांच्या बाजूने आणि विरोधात बरंच लिहून झालंय. मला त्या वादात पडायचं नाही. पण आमच्या भागातल्या माणसाने या दोन दिवसांवरून काय धडा घेतला असेल? कायदा काहीही म्हणो, आपण भाव निघेपर्यंत थांबायचं नाही, एवढाच. विश्वास उडाला की तो परत आणायला अधिसूचना पुरत नाही. आणि त्याची नोंद करायला कुठल्या खात्यात रकाना नाही.

शेतकऱ्याचं निदान ऐकू येतं. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे मिळालेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले, ती बातमी देशभर गेली. पण निर्यात थांबली की सगळ्यात आधी थांबतं ते खळ्यावरचं काम. लिलावातून घेतलेला कांदा खळ्यावर येतो, तिथे बायका ओळीने बसून निवडतात. मोठा वेगळा, बारीक म्हणजे गोल्टी वेगळी, जोडकांदा म्हणजे दुभाळका वेगळा, कोंब आलेला आणि ढिल्या सालीचा बाजूला. निर्यातीच्या मालाला निवड कडक लागते, पॅकिंग लहान लागतं, म्हणजे माणसं जास्त लागतात. पेठ, सुरगाणा भागातून आलेल्या कुटुंबांचे चार महिने यावर निघतात. देशातल्या बाजारात जाणाऱ्या कांद्याला एवढं निवडत कोणी बसत नाही. बंदी आली की या बायकांना कुणी कामावरून काढलं असं होत नाही, मुकादम नुसता दुसऱ्या दिवशी बोलावत नाही. बेरोजगारीच्या आकड्यात हे कुठे बसतं?

भरपाई आली तरी तीही कागद पाहून येते. २०२३ च्या सुरुवातीला लाल कांद्याचा भाव पार मातीत गेला तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले, दोनशे क्विंटलांपर्यंत. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याचा पेरा हवा. आमच्याकडे वाट्याने करणारे किती आहेत ते मला उधारीच्या वहीवरून माहीत आहे, कारण सामान ते नेतात आणि हमी मालक देतो. पेरा मालकाच्या नावावर. चांगला मालक असेल तर निम्मे देतो. पुढच्या वर्षी वाटेकरी आधीच विचारतो, कांदा करायचा तर कागद कुणाचा? काही ठिकाणी त्यावरूनच वाटा मोडला. एका अनुदानाच्या अटीने गावातला दोन पिढ्यांचा व्यवहार मोडेल असं मंत्रालयात कुणाच्या मनातही आलं नसणार. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माझ्या अनुभवात असं नुकसान वाईट हेतूने क्वचितच होतं.

आणि हे फक्त कांद्याचंच आहे असंही नाही. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला वाइन पार्क काढलं. चांगलं धोरण होतं, आज गंगापूर धरणाकडे शनिवारी-रविवारी गाड्यांची जी रांग लागते ती त्याचीच पुण्याई. पण मला ते आठवतं अँगलवरून. खाण्याच्या द्राक्षाचा मांडव वाय आकाराचा, वाइनच्या द्राक्षाचा सरळ उभा. त्या सात-आठ वर्षांत सरळ मांडवाचे अँगल आमच्याकडून असे गेले की वडिलांनी त्याच जोरावर मागची जागा घेतली. मग २००८ ची मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वायनरींच्या टाक्या भरलेल्या राहिल्या आणि त्यांनी करारातली द्राक्षं उचलायला हात आखडता घेतला. वाइनची द्राक्षं बाजारात नेऊन विकता येत नाहीत. बारीक, बियांची, जाड सालीची, ती खाणार कोण? बागा तोडल्या. २००९-१० मध्ये आम्हीच विकलेले अँगल भंगारच्या भावात परत यायला लागले, काहींवर आमच्या दुकानाचा पिवळा रंग तसाच. वडील ते हातात घेऊन बघायचे आणि काही न बोलता काट्यावर ठेवायचे.

जकातीचंही थोडं सांगतो. गावाकडच्या गिऱ्हाइकासाठी आणलेल्या मालावर उगाच शहराची जकात का भरायची म्हणून वडिलांनी गोडाऊन हद्दीबाहेर घेतलं. आमच्यासारखे अनेक. त्यामुळे त्या रस्त्यांवर चहाच्या टपऱ्या आल्या, वजनकाटे आले, ट्रक दुरुस्तीवाले आले, हमालांची वस्ती झाली. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१७ ला जीएसटी. कर गेला, गोडाऊन तिथेच. आज मला ते शहरात हवंय आणि शहरातली जागा परवडत नाही. मेलेल्या कराने आखलेल्या नकाशात आम्ही अजून धंदा करतोय.

काही परिणाम चांगलेही निघतात, आणि तेही असेच कुणाच्या लक्षात न येता. पिंपळगाव बसवंतच्या कांदा संशोधन केंद्राने एन-२-४-१ हे टिकाऊ उन्हाळ कांद्याचं वाण दिलं, खरिपासाठी बसवंत ७८० दिलं. इतक्या वर्षांत चाळीत कांदा टिकला त्यातला मोठा वाटा या वाणाचा आहे. त्यावर कुणी निवडणूक जिंकलेली नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झालं, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. कांद्याचा भाव इतका बेभरवशाचा की त्यावर आणखी खर्च कोण करणार? २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं तेव्हा आंबा जाऊ लागला तो याच केंद्रातून विकिरण होऊन. कांद्याच्या पंढरीत बांधलेल्या केंद्राचं नाव हापूस-केशरमुळे झालं. योजना आखणाऱ्याने हे कागदावर लिहिलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

हे सगळं मी घरी बोलत असतो तेव्हा बायको एका वाक्यात जमिनीवर आणते. "तुम्हाला कांदा ऐंशी रुपये झाला की जाळी खपणार म्हणून बरं वाटतं. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाव किलो घेतात, तोही सुटा." तिचं खोटं नाही. गरिबाच्या ताटात भाकरीबरोबर कांदाच असतो, तो गेला तर काय उरतं? व्यापारी माल धरून बसतात हेही मी पाहिलंय, त्यातले दोघे-तिघे माझेच गिऱ्हाईक आहेत. शेतकऱ्याचंही सगळं बरोबर असं नाही. भाव पडला की सरकारने घ्यावा आणि चढला की सरकारने बघू नये, हे दोन्ही एका तोंडाने मागता येत नाही. शरद जोशींनी १९८० मध्ये नाशिकच्या रस्त्यांवर जे आंदोलन उभं केलं त्यात भीक नको, घामाचं दाम हवं असं म्हटलं होतं. आज आमच्याकडच्या सभांत अनुदानाची मागणी आधी येते आणि बाजार मोकळा ठेवा ही मागणी शेवटी, तीही सगळे उठायला लागल्यावर. इतक्या वर्षांच्या धरसोडीने मागण्यासुद्धा बदलून टाकल्या.

माझं म्हणणं बंदी कधीच घालू नका असं नाही. घाला, पण उळं टाकायच्या आधी सांगा. सप्टेंबरच्या शेवटी सांगा की अमुक भावाच्या वर गेला तर अमुक इतकं शुल्क लागेल, आणि मग मार्चपर्यंत ते बदलू नका. शेतकरी त्याप्रमाणे कमी-जास्त लावेल, चाळ बांधायची की नाही ते ठरवेल, निर्यातदार परदेशातल्या माणसाला तारीख देऊ शकेल. मावशींना द्यायचा तर रेशनवर स्वस्तात द्या, त्याचा खर्च सरकारच्या वहीत उघड दिसू द्या. आज तो खर्च आप्पांच्या वहीत पडतो, म्हणून तो खर्च आहे हेच कुणाला वाटत नाही. लासलगावच्या माझ्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सप्टेंबरला सांगतील. पण जानेवारीत कुठं तरी मतदान असेल की नाही?"

गेल्या हंगामाच्या आधी मुलाने वही माझ्यापुढे ठेवली. हिशोब आता तोच बघतो. त्याने चार वर्षांची जाळी, चाळीचे पत्रे आणि त्यात अडकलेलं भांडवल काढलं होतं. दुसऱ्या रकान्यात सोलर पंपाच्या स्ट्रक्चरला लागणारे गॅल्व्हनाइज्ड चॅनेल. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आल्यापासून फॅब्रिकेटर तेच मागतायत. तीही योजनाच, तिचंही पुढे काय होईल सांगता येत नाही, पण आज माल फिरतोय. मी फारसा वाद घातला नाही. जाळीची मागणी निम्मी केली, मागच्या गोडाऊनाची एक बाजू चॅनेलसाठी मोकळी केली. पिंपळगावच्या फॅब्रिकेटरनेही तसंच केलंय म्हणे, ओझरला व्याहीही त्याच विचारात आहेत. आता एखाद्या वर्षी कांद्याने भाव खाल्ला आणि सगळ्या तालुक्याला फेब्रुवारीत एकदम चाळी आठवल्या, तर जाळी कमी पडेल, महाग होईल, आणि लोक मलाच साठेबाज म्हणतील.